वाचकांचे प्रश्न : भराव आणि साचणारे पाणी

प्रश्न : आमच्या वसाहतीशेजारच्या सखल शेतात मुरूम टाकून गुंठेवारीचे (शेतजमिनीचे विनापरवाना छोटे तुकडे करून) प्लॉट पाडले गेले. आता कृष्णेला पूर नसतानाही पावसाचे पाणी आमच्या दारात साचते. असे का व्हावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्याकडील काळ्या जमिनीत पाणी मुळातच सावकाश मुरते, त्यामुळे सखल शेते आणि ओढे हीच पावसाचे पाणी काही काळ साठवून पुढे नदीकडे नेणारी व्यवस्था होती. तिच्यावर भराव पडला, वर काँक्रीट आले, की तेच पाणी शेजारच्या जुन्या, आता तुलनेने खोलगट ठरलेल्या घरांकडे वळते. गुंठेवारी अधिनियम २००१ मध्ये आला, बांधकामे नियमित होऊ लागली; पण कागदावर नियमित झालेल्या भूखंडाखालचा ओढा त्यामुळे पुन्हा वाहता होत नाही, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

पुराच्या वेळी प्रश्न आणखी बिकट होतो, कारण नदी फुगल्यावर ओढ्यांचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही, उलट मागे सरकते. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शहराने हे अनुभवले आहे. नदीकाठी आखलेल्या पूररेषांपैकी नदीजवळच्या निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, निळ्या व तिच्यापलीकडच्या लाल रेषेमध्ये निर्बंध असतात. जागा घेणाऱ्याने सातबाऱ्याइतक्याच बारकाईने या रेषांचा नकाशा पाहावा. आपण मात्र महापालिकेकडे ओढ्याच्या मोजणीची व भराव काढण्याची लेखी मागणी रहिवाशांच्या सह्यांनिशी, शक्यतो उन्हाळ्यातच करावी.