अकरा महिन्यांचा करार संपला, भाडेकरू घर सोडत नाही. पाणी तोडू का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं घर, वरच्या मजल्यावर भाडेकरू, अकरा महिन्यांचा नोटरी करार, मुदत संपून चार महिने झाले आणि पाहुणे सांगतायत पाणी तोडा. तोडू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली घरमालकाला योग्य कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी, वीज बंद करता येत नाही. तुमचा कागद नुसता नोटरीचा, नोंदणी नाही म्हणून कच्चा, त्यामुळे तो स्वतःला भाडेकरूच म्हणवून घेणार, आणि बाजू तुमची खरी असूनही तक्रारीला उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार.

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी हेच झालं. आण्णांनी वरच्या दोन खोल्या दिल्या होत्या. स्टॅम्प पेपर, नोटरीचा लाल शिक्का, सगळं होतं. डिपॉझिट वीस हजार लिहिलेलं, पण तो आकडा पेनानं खोडून दुरुस्त केलेला आणि शेजारी कुणाची सही नाही. सोडायची वेळ आली तेव्हा भाडेकरू म्हणाला, मी पन्नास दिलेत. आण्णा तडक गच्चीवर टाकीचा कॉक बंद करायला निघाले होते. मी जिन्यातच हात धरला.

वकिलांनी कागद उलटून बघितला आणि विचारलं, "नोंदणी कुठाय?" महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, खोटं आहे हे आपण सिद्ध करायचं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तो वेगळाच. शेवटी पस्तीस हजार देऊन आम्ही खोल्या मोकळ्या करून घेतल्या. ते पैसे देताना आण्णांचा चेहरा मला अजून आठवतो.

अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही, हा समज केंद्राच्या नोंदणी कायद्यातून आलाय. तिथं वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे. आपल्या राज्यात लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या अशा कराराला, ती चालत नाही, मुदत कितीही असो. आणि खर्च तरी किती? भाडं ८,०००, डिपॉझिट ३०,००० धरा. अकरा महिन्यांचं भाडं ८८,०००, डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी व्याज २,७५०. या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी १,०००. आधार आणि अंगठा घेऊन घरबसल्या ऑनलाइन होतं. नोंदलेल्या लायसन्सची मुदत संपूनही माणूस निघाला नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ खाली दुप्पट दरानं भरपाई मागता येते.

बारा वर्षं राहिला की घर त्याचं, ही भीती मात्र सोडा. तुमच्या परवानगीनं राहणाऱ्याला नुसत्या कब्जावरून मालकी सांगता येत नाही.

आत्ता आधी समोर बसून बोला. राहायचंच असेल तर त्याच्याशी नवा करार नोंदवून घ्या, जायचं असेल तर तारीख लिहून घ्या. दोन्हीला नाही म्हणाला, तर वकिलामार्फत रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा. मुदतीनंतरचं भाडं घ्यायचं की नाही, घेतलं तर कशापोटी म्हणून, हे आधी वकिलांनाच विचारा. आणि पोस्टाची पावती व पोचपावती दोन्ही मूळ करारालाच टाचून ठेवा.