साड्यांच्या घडीतला पंप

प्रश्न : मावशी, मी २६ वर्षांची आहे. सहावा महिना चालू आहे. माहेर नाशिकरोडला, सासर मखमलाबादच्या पुढे मळ्यात. चारी बाजूंनी द्राक्षबाग आणि बांधावर कमरेएवढं गाजर गवत. गणपतीपासून माझ्या शिंका थांबत नाहीत. डोळे चुरचुरतात, टाळूला खाज सुटते, नाक गच्च. आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून रात्री भिंतीला टेकून बसूनच झोपते. सासूबाई रोज संध्याकाळी माझ्या खोलीत ओव्याची आणि उदाची धुरी करतात, त्याने आणखी वाढतं, पण बोलायची सोय नाही. मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून दोनदा घेतली. श्वासासाठी ओढायचा रोजचा पंप होता, तो दिवस गेल्यावर बंद केला, कपाटात साड्यांच्या घडीत आहे, ह्यांना तेवढं माहीत आहे. तो विषय नाही. दिवाळीनंतर डोहाळजेवण आहे, शेवंतीच्या फुलांची वाडी भरणार म्हणतात. तिथे मी शिंकत बसले तर नणंदा म्हणतील नखरे करते. सासूबाईंना न दुखवता धुरी आणि फुलं कशी टाळू?

उत्तर : तो विषय नाही, असं तू लिहिलंस. पोरी, तोच विषय आहे.

शिंकांना तू चार ओळी दिल्यास, धुरीला दोन, शेवंतीला आणि नणंदांना मिळून तीन. पंपाला एकच वाक्य, तेही घाईत. औषध फ्रीजवर असतं, उशाशी असतं, पर्समध्ये असतं. साड्यांच्या घडीत ठेवतात ती लपवलेली वस्तू. म्हणजे तुला दमा आहे हे सासरी नवरा सोडून कुणालाच ठाऊक नाही. लग्न जमवताना ‘थोडी धुळीची अ‍ॅलर्जी आहे’ एवढ्यावर माहेरच्यांनी भागवलं असणार. आपल्याकडे मुलीचा दमा, मुलीच्या फिट्स, मुलीचं थायरॉइड असंच झाकलं जातं, आणि मग ती मुलगी बाथरूमची कडी लावून पंप ओढते. तूही तेच करत आलीस, आणि दिवस गेल्यावर तेही सोडलंस.

आता सासूबाईंच्या जागी बसून बघ. सून शिंकते, नाक चोंदलंय, डोळे लाल आहेत. त्यांना दिसतं ते पडसं. पडशावर त्यांच्या आईने ओव्याची धुरी दिली, आजीने दिली, म्हणून त्याही गुडघे धरत उठतात, निखारे फुलवतात आणि तुझ्या खोलीत आणून ठेवतात. दम्याच्या बाईच्या खोलीत आपण धूर करतोय हे त्यांना कळणार कसं? मला त्यांचा राग आला नाही. तुझा आला, थोडा तुझ्या आईचा, आणि बराचसा तुझ्या नवऱ्याचा. त्याला सगळं माहीत आहे. पोटुशी बायको रात्रभर भिंतीला टेकून बसते आणि हा शेजारी झोपतो. सकाळी उठून तोच आईला सांगू शकला असता.

आणि ते बसून झोपणं! नुसतं नाक चोंदलं तर माणूस तोंडाने श्वास घेऊन कसंतरी आडवं पडतं. आडवं होताच श्वास कोंडतो आणि भिंतीला टेकल्यावर बरं वाटतं, तेव्हा छाती काहीतरी सांगत असते. पहाटे घरघर होते का, बोलता बोलता खोकल्याची उबळ येते का, हे तू लिहिलं नाहीस. मला वाटतं, विचारलं तर हो म्हणशील. पराग नाकात गेला की नाकाचं अस्तर सुजतं, तसंच खाली श्वासनलिकेचंही. दोन्ही एकच वाट आहे. नाकाचा त्रास चिघळला की दमाही उचल खातो.

त्यात तुझं घर आहे गाजर गवताच्या कुशीत. हे गवत आपलं नव्हे. १९५०च्या दशकात पुण्याच्या परिसरात त्याची पहिली नोंद झाली. परदेशी गव्हाच्या पोत्यांबरोबर त्याचं बी आलं असं मानतात, आणि काँग्रेस गवत म्हणून ते घरोघरी ओळखीचं झालं. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि पाऊस ओसरताना ते फुलांनी पांढरं होतं. तुझ्या शिंका गणपतीत सुरू झाल्या त्या उगाच नाही. गंमत बघ, ज्या शेवंतीची तुला धास्ती आहे ती याच गवताच्या कुळातली, झेंडूही त्याच कुळातला.

गरोदरपणात हार्मोन्समुळे नाकाचं अस्तर एरवीच फुगतं. अ‍ॅलर्जी नसलेल्या बायकांचंही नाक महिनोन्‌महिने चोंदतं आणि बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत मोकळं होतं. ते मी सोसायला सांगितलं असतं. दमा सोसायला सांगणार नाही.

तू पंप का बंद केलास, मला कळतं. बाळाला काही होऊ नये म्हणून. घरात विचारायला कुणी नव्हतं, म्हणून तूच ठरवलंस. पण ते उलटं ठरलं, बाळा. पोटातल्या जिवाला प्राणवायू तुझ्या रक्तातूनच मिळतो, त्याला दुसरी खिडकी नाही. गरोदरपणात दमा आटोक्यात नसला तर बाळ कमी वजनाचं होण्याचा, दिवस भरण्याआधी जन्मण्याचा आणि आईचं ब्लडप्रेशर चढण्याचा धोका वाढतो. रोजच्या पंपातलं औषध मात्र मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, आणि ते बहुतेक फुप्फुसातच काम करतं. ब्युडेसोनाइड हे अशा पंपांतलं गरोदरपणात सर्वांत जास्त तपासलेलं औषध. स्वीडनमध्ये १९९०च्या दशकात गरोदरपणाच्या सुरुवातीला ते घेतलेल्या आयांच्या २००० हून अधिक बाळांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा जन्मजात दोषांचं प्रमाण इतर बाळांइतकंच निघालं. म्हणूनच डॉक्टर गरोदर बाईला दम्याचा पंप चालू ठेवायला सांगतात. दिवस गेल्यावर साधारण एक तृतीयांश बायकांचा दमा कमी होतो, एक तृतीयांशांचा तसाच राहतो, उरलेल्यांचा वाढतो. ज्यांचा वाढतो त्यांचा बहुधा सहाव्या महिन्यापासून पुढे. तू नेमकी तिथेच उभी आहेस.

डॉक्टरांना सांगितलंस का, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. मी अंदाज करते. तपासणीला सासूबाई बरोबर असतात, आत शेजारच्या खुर्चीवर बसतात, आणि डॉक्टरांनी ‘जुना काही आजार?’ विचारलं तेव्हा तू नाही म्हणून मान हलवलीस. तुझ्या फाइलवर दमा हा शब्द नाही. उद्या कळा सुरू होतील, भूल द्यावी लागेल, एखादं इंजेक्शन द्यायचं ठरेल, तेव्हा समोरच्या माणसाला तुझ्याबद्दल सगळ्यांत गरजेची गोष्टच माहीत नसेल. बाळंतपणात रक्तस्राव रोखण्याची काही औषधं दम्याच्या बाईला द्यायची नसतात. पोरी, हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला.

म्हणून धुरी कशी टाळायची, फुलं कशी टाळायची, याच्या युक्त्या मी तुला देणार नाही. एकच काम सांगते. आज संध्याकाळी निखारे फुलवायच्या आधी कपाट उघड, पंप काढ आणि सासूबाईंच्या हातात ठेव. ‘आई, मला लहानपणापासून दमा आहे. लग्नात सांगितलं नाही, चुकलं. दिवस गेल्यावर हे औषध मी बंद केलं, आता रात्री श्वास लागतो.’ बस. एवढी वाक्यं. नवऱ्याला शेजारी उभं कर, पण बोल तू. तो बोलला तर ती नवरा-बायकोची तक्रार वाटेल, तू बोललीस तर एका बाईने दुसरीला सांगितलेलं दुखणं होईल.

त्या चिडतील. फसवलं म्हणतील, तुझ्या आईला फोन लावतील, दोन दिवस ताटावर बोलणार नाहीत. चिडू दे. तो राग त्यांच्या हक्काचा आहे, तो तू ऐकून घ्यायचास. पण सुनेची सर्दी उतरावी म्हणून जी बाई रोज निखारे फुलवते, ती दमा आहे कळल्यावर धुरीचं भांडं पुन्हा खोलीत आणेल असं मला वाटत नाही.

आणि उद्याच डॉक्टरांकडे जा, पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. जुना पंप आणि ती सर्दीची गोळी दोन्ही बरोबर ने. त्या गोळ्यांत पुष्कळदा नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन असतं, ते गरोदर बाईने मनाने घ्यायचं नसतं. शिंकांसाठी चालणाऱ्या गोळ्या आहेत, नाकात मारायचे फवारे आहेत, ते डॉक्टर ठरवून देतील. पंपही नवा लिहून घे, तुझा इतके महिने पडून आहे, त्यावरची मुदत बघ. नाक बंद झालं की मेडिकलमधून आणून टाकायचे थेंब मात्र नको, चार-पाच दिवसांत सवय लागते आणि नाक दुप्पट चोंदतं.

घरात करण्यासारखं थोडंच आहे. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट कर, त्यात चहाचा चमचाभर मीठ घाल आणि दिवसातून दोनदा नाक धू. बांधावरचं गवत फुलण्याआधी उपटायला हवं होतं, आता ते काम नवऱ्याचं, तोंडाला फडकं आणि हातात मोजे घालून. तू त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीसाठी औषध फवारणारे ब्लोअर फिरायला लागले की खिडक्या लावून घे, कपडे आत वाळव. जमलं तर फवारणीचे दिवस नाशिकरोडला काढ.

बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले, किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करून सरळ दवाखाना. हेही सासूबाईंना सांगून ठेव, कारण रात्री दोनला तुझ्या आधी त्याच जाग्या होतील.

शेवंतीचं मला फार वाटत नाही. दमा कळल्यावर वाडी कापडी फुलांची करायचं सासूबाईच नणंदांना सुचवतील. उद्या तपासणीच्या खोलीत सासूबाई नेहमीसारख्या शेजारी बसतील. बसू देत. त्यांच्यासमोरच डॉक्टरांना सांग, आणि फाइलवर लिहिलेलं वाचून घे. मग मला दोन ओळी लिही, रात्री आडवी झोपलीस की नाही एवढंच.