वाड्याचे हॉटेल : आधी माळवद, मग खोल्या

प्रश्न : आमचा चौसोपी वाडा शंभरेक वर्षांचा आहे. दगड-मातीच्या भिंती, सागवानी खण (खांब-तुळयांचे गाळे), वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचे सपाट छत. सहा खोल्यांचे हॉटेल करायचे आहे. माळवद गळते म्हणून वर सिमेंटचा कोबा आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा करा, असे गवंडी सांगतात. करावे का?
— एक वाचक, औसा

उत्तर : दोन्ही करू नका. माळवदाची फूटभर जाडीची माती दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते. गळले की वर नवी पांढरी माती टाकायची आणि जुनी तशीच ठेवायची, यातून ही जाडी दीड-दोन फुटांवर गेलेली असते. त्यावर चार इंची कोबा म्हणजे आणखी २४० किलो. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी भागात मातीत रचलेल्या जाड भिंती फुटल्या आणि अशीच जड माळवदे माणसांवर आली. जिथे लाकडी खांबांनी खण तोलून धरले, तिथे भिंत पडूनही छत राहिले. तुमचा वाडा त्याच जिल्ह्यात आहे, म्हणून पहिला खर्च इथेच करा.

खणांना खालून टेकू द्या आणि माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवत सहा इंचांवर आणा. एकाच बाजूने उपसली तर तुळया कलतात. तुळयांची भिंतीत गेलेली टोके दाभणाने टोचून पाहा. दाभण सहज आत गेले तर टोक कुजले आहे, ते बदलायलाच हवे. मातीच्या थरांमध्ये जाड पॉलिथिन अंथरा आणि पन्हळीकडे दहा फुटांना तीन इंच उतार ठेवा. खांब आणि तुळईच्या कोनात दोन्ही दिशांना तिरके टेकू लोखंडी पट्टीने जखडा.

आता भिंत. ती बहुधा दोन पदरी असते, मध्ये दगडाच्या चिपा आणि माती. पदर बांधणारे आरपार दगड नसतील तर धक्क्याला ते सुटे होतात. आडवे मीटरभर आणि उभे दोन फूट अंतर ठेवून, एकाखाली एक येणार नाहीत अशी तीन इंची आरपार भोके करा. प्रत्येकात दोन्ही टोके वाकवलेली ८ मिमीची सळई घालून काँक्रीट भरा. दगड पहारीने हलकेच सैल करून काढा. ड्रिलच्या हादऱ्याने आतली माती ढासळते. हे सगळे संरचना अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे.

सिमेंटच्या गिलाव्याने जमिनीतून चढलेली ओल कोंडली जाते. ती वर सरकते, तुळयांची टोके कुजवते आणि खारे पापुद्रे पाडते. एक भाग चुना, तीन भाग वाळू-सुरखी (सुरखी म्हणजे विटांचा चुरा) असा गिलावा, बोटापेक्षा कमी जाडीच्या थरांत द्या. एप्रिलच्या उन्हात तो फाटतो. माळवद उन्हाळ्यात उरका आणि गिलावा दिवाळीनंतर घ्या, आठवडाभर ओला ठेवा.

प्रश्न : माडीवरच्या प्रत्येक खोलीला न्हाणीघर जोडता येईल का?
— एक वाचक, भूम

उत्तर : माडीवर नको. पाझर आधी लाकडात जातो आणि बाहेर दिसेपर्यंत तुळई गेलेली असते. न्हाणीघरे परसदारी वेगळ्या पायावर बांधा, माडीशी हलक्या लोखंडी पुलाने जोडा. नळ भिंतीबाहेरून न्या. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन; तीही स्वतंत्र सांगाड्यावर. हॉटेलात माणशी १८० लिटर धरतात. बारा पाहुणे धरले तर रोज २,१६० लिटर लागतील. २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तेव्हा परसातला आड बुजवू नका. त्याचा गाळ काढा, छताचे पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून आडाजवळ मुरवा. माळवदाचे पाणी गढूळ येते, ते थेट टाकीत घेऊ नये.

प्रश्न : वाडा दौलताबाद किल्ल्याच्या तटापासून दीडशे मीटरवर आहे. हॉटेलच्या कामाला परवानगी लागेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अंतर तटापासून नव्हे, स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून मोजतात. हद्दीपासून १०० मीटर निषिद्ध आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. आधी हद्दीचा नकाशा पाहा. निषिद्ध क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही, जुन्याच्या दुरुस्तीला परवानगी मिळू शकते. नियंत्रित क्षेत्रात दुरुस्ती आणि बांधकाम दोन्हींसाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची शिफारस लागते. केंद्राच्या हेरिटेज हॉटेल वर्गवारीत जायचे असेल तर इमारत १९५०पूर्वीची आणि किमान पाच खोल्या हव्यात. पुराव्यासाठी जुने सातबारा, सनदा, घरपट्टीच्या पावत्या आणि काम सुरू होण्याआधीची छायाचित्रे जपून ठेवा.