संशयित क्षयरुग्णाला डॉक्टरांनी तपासण्याआधीच परिचारिकेने रांगेतून वेगळे बसवावे का?

होय, बसवावे, आणि त्यासाठी कोणाच्याही आदेशाची वाट पाहू नये. दोन आठवड्यांहून जुना खोकला आणि जोडीला संध्याकाळचा ताप, घटलेले वजन किंवा थुंकीतून रक्त, एवढे ऐकले की रुग्णाला साधा सर्जिकल मास्क द्यावा, मोकळ्या हवेत बसवावे आणि रांग मोडून आधी तपासून घ्यावे.

एका पावसाळी सोमवारी आमच्या ओपीडीत केसपेपरची रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि पाऊस आत येतो म्हणून शिपायाने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. रांगेत एक गृहस्थ रुमालात तोंड खुपसून खोकत होते. त्यांच्या मागेच तान्ही बाळे घेऊन लसीकरणाला आलेल्या आया उभ्या होत्या. मी त्या गृहस्थांना मास्क लावून व्हरांड्यातल्या बाकावर बसवले, थुंकीचा नमुना माणसांपासून दूर, उघड्यावर द्यायला सांगितले आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडायला लावल्या. तेव्हाचे वैद्यकीय अधिकारी सर्वांदेखत म्हणाले, "सिस्टर, निदान करणे तुमचे काम नाही." मी निदान केले नव्हते, फक्त जागा बदलली होती, तरीही मला लेखी खुलासा द्यावा लागला. त्यात मी लिहिले की, क्षयाचे जंतू वाहणारे सूक्ष्म कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात आणि खोकणाऱ्यांना हेरून वेगळे बसवावे, हे केंद्र सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. त्या गृहस्थांचा अहवाल काय आला, याचा या वादाशी काहीही संबंध नाही, कारण अहवाल हाती येईपर्यंत त्या आया तिथेच श्वास घेत राहिल्या असत्या.

एन-९५, म्हणजे हवेतले सूक्ष्म कण गाळणारा मास्क, तुम्ही वापरावा. झडपेचा एन-९५ रुग्णाला कधीही लावू नये, कारण त्याचा उच्छ्वास झडपेतून न गाळताच बाहेर पडतो. ताप आणि अंगावर पुरळ असलेल्या मुलाबाबत तर अधिक घाई करावी. गोवराचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो.

मात्र धाप लागलेल्या रुग्णाला बाकावर बसवून ठेवू नये. त्याला ऑक्सिजन आधी द्यावा आणि आपत्कालीन कक्षाला संशयाची पूर्वकल्पना द्यावी. रोगाचे नाव चारचौघांत उच्चारू नये. कोणी अधिकार विचारलाच, तर लक्षणे, वेळ आणि रुग्णाला कुठे बसवले हे केसपेपरवर लिहून खाली स्वतःची सही करावी.