दाढ दुखायची थांबली, मग रूट कॅनाल कशाला?

प्रश्न : डॉक्टर, माझी खालची डावी दाढ दिवाळीपासून ठणकत होती, रात्री आडवं झालं की जास्तच. गरम चहाने जीव जायचा आणि गार पाणी तोंडात धरलं की बरं वाटायचं. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणि पेनकिलर आणून खाल्ली, आता काहीच दुखत नाही. दातांचे डॉक्टर म्हणतात रूट कॅनाल करून कॅप बसवा. सासूबाई म्हणतात दुखत नाही तर हात कशाला लावायचा, पुन्हा दुखली तर काढून टाक. काय करू?
– एक वाचक, काटोल

उत्तर : ताई, गरमाने कळ आणि गाराने आराम हे तुम्ही अगदी नेमकं लिहिलंत, नस शेवटच्या घटकेला आली की बहुतेक असंच होतं. दाढेच्या आत नस सुजली तर तिला फुगायला जागाच नसते, चहूबाजूंनी कडक भिंत, आणि आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो म्हणून रात्रीचा ठणका. आता दुखत नाही याचा अर्थ नस बहुधा मेलीय, आतले जंतू मात्र तिथेच आहेत आणि ते हळूहळू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, मग काही महिन्यांनी हिरडीवर पुवाची पुळी नाहीतर गालावर सूज.

गोळ्यांचं म्हणाल तर अँटिबायोटिक रक्तातून पोचतं, आणि मेलेल्या नसेत रक्तच जात नाही तर औषध जाणार कुठून? त्याने आजूबाजूचं इन्फेक्शन दबतं, मूळ तसंच राहतं. (मेडिकलवाल्यांनी हे आपणहून द्यायचं बंद केलं तर माझं अर्धं काम कमी होईल.)

कॅनाल म्हणजे मुळातली नसेची बारीक नळी, खालच्या दाढेत अशा साधारण 3 असतात, कधी 4. बधिर करायचं इंजेक्शन देऊन वरून भोक पाडतात, केसासारख्या बारीक फाइलींनी कॅनाल साफ करतात, हायपोक्लोराइट या जंतू मारणाऱ्या द्रावाने धुतात आणि गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरून बंद करतात. कधी एका सिटिंगमध्ये होतं कधी दोन-तीन लागतात. नस फार चिडलेली असेल तर इंजेक्शन नीट चढत नाही, तेव्हा दात धरून सहन करू नका, हात वर करा, अजून देता येतं. लग्नात ऐकलेल्या भयकथा बऱ्याचशा याच्याच असतात. नंतर दोन-तीन दिवस चावताना थोडं दुखतं, ते चालतं.

काढून टाकणं चूकच असं नाही. अक्कलदाढ असेल, मूळ तडकलं असेल, दाढ हिरडीच्या खालपर्यंत किडली असेल तर मीही काढाच म्हणेन. पण चावायची चांगली दाढ काढली की शेजारची कलते, वरची खाली उतरते, मग ब्रिजसाठी (शेजारच्या दातांवर टेकवलेला खोटा दात) शेजारचे दोन धड दात घासा नाहीतर इम्प्लांटचा (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) खर्च करा. पैशाची अडचण असेल तर नागपूरचं सरकारी दंत महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, खाजगीपेक्षा बरंच स्वस्त पडतं, वेळ मात्र हाताशी ठेवून जा.

आणि हो, सूज डोळ्यापर्यंत किंवा जबड्याखाली गेली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना तर सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : रूट कॅनाल होऊन सहा महिने झाले, दुखत नाही म्हणून कॅप राहूनच गेली. काल चिक्की खाताना दाढेचा तुकडा पडला. दाढ गेली का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुकडा किती खोल तुटलाय त्यावर आहे. लोक म्हणतात नस काढली की दाढ वाळते, पण खरं कारण वेगळंय, कीड आणि ड्रिल मिळून वरचा भाग पोकळ झालेला असतो आणि दाढेवर चावण्याचा जोर पुढच्या दातांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून दाढेला कॅप सांगतात, पुढच्या दाताला दरवेळी लागतेच असं नाही. चीर मुळापर्यंत गेली नसेल तर पोस्ट (मुळात बसवायची बारीक काडी) टाकून, बिल्डअप करून म्हणजे तुटलेला भाग सिमेंटसारख्या मसाल्याने भरून कॅप बसू शकते. पण आतलं फिलिंग बरेच दिवस उघडं राहिलं तर लाळेतून जंतू शिरतात आणि रूट कॅनाल परत करावं लागतं, त्यामुळे या आठवड्यातच दाखवा, आणि तोवर त्या बाजूने चावू नका.