लेसरनंतर विसाव्या दिवशी विमान?

प्रश्न : वय 62, निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, डाव्या पायाच्या शिरा फुगल्या. 11 दिवसांपूर्वी लेसर झालं. मुलीची डिलिव्हरी न्यूजर्सीत, तिला अजून साडेसहा आठवडे आहेत. माझं मुंबई-नेवार्क थेट तिकीट मात्र लेसरनंतर बरोबर विसाव्या दिवसाचं. शेजारच्या वहिनी म्हणतात दीड महिना पडून राहा. जावई म्हणतात ॲस्पिरिन घ्या आणि या. मांडीत दोरी ओढल्यासारखं होतं. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : बाई, पडून मुळीच राहू नका. लेसरने जी शीर बंद केली, तिचं रक्त आता आतल्या मोठ्या शिरांतून वर जातं, आणि त्याला वर ढकलते ती तुमची पोटरी. चाललात तर ती काम करणार. मांडीतली दोरी म्हणजे तीच बंद झालेली शीर. दुसऱ्या आठवड्यात ती अशी ओढते, मग हळूहळू विरते. (आणि सगळा दोष फळ्याला देऊ नका. आईचे किंवा मावशीचे पाय आठवून बघा.)

विमानाचं भय उंचीपेक्षा बसण्याचं आहे. चार तासांहून लांब प्रवासात, मग ती बस का असेना, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीच्या आसपास जातो. निरोगी माणसाला तो मुळात फार कमी असतो. तुमची शीर नुकतीच भाजून बंद केलेली, आणि नेवार्क म्हणजे पंधरा-सोळा तास. म्हणून मी माझ्या पेशंटला एवढ्या लांबच्या प्रवासाआधी चार आठवडे थांबवतो. काही सहकारी त्याआधीही सोडतात. पण तुमच्या हातात वेळ आहे! तिकीट दहा दिवस पुढे ढकला, तरी बाळाच्या आधी साडेतीन आठवडे पोचाल.

लेसरनंतरची डॉपलर सोनोग्राफी झाली का, हे पत्रात नाही. नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. जांघेपाशी गुठळी आतल्या शिरेत डोकावत नाही ना, हे त्यात दिसतं. डोकावत असेल तर तिकिटाचा विषयच बंद. पूर्वी कधी गुठळी झाली असेल किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, तर सर्जनना आधी सांगा. प्रवासापुरतं पोटावर घ्यायचं, रक्त गोठू न देणारं इंजेक्शन ते ठरवतील. ॲस्पिरिन या कामाची नाही. जावयांना माझा नमस्कार सांगा, गोळी घेऊ नका.

पाय घट्ट दाबून धरणारे मोजे नवे घेऊ नका, ऑपरेशननंतर दिलेलेच घरून निघताना चढवा. रबरी हातमोजे घालून ओढले की सोपे जातात. वरची कड मात्र दुमडू नका, तिचा फास बसतो. सीट कडेची मागा, दर तासाला मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चक्कर, बसल्या बसल्या टाचा-चवडे वरखाली. झोपेची गोळी नको.

आता व्हीलचेअर. आपल्याकडच्या आयांना मुलं हमखास ती बुक करून देतात, इमिग्रेशनला कोणी सोबत असावं म्हणून. सोबत घ्या, पण रांग नसेल तिथे उतरून चाला. 23 किलोच्या बॅगा दुसऱ्याला उचलू द्या. डिंकाच्या लाडवांचा डबा सामानात टाका. तो पायाशी ठेवलात तर पाय हलवायला जागाच उरणार नाही.

पोचल्यावरही दोन महिने एक लक्षात ठेवा. एकच पोटरी सुजली, दुखली, तर त्याच दिवशी दवाखाना. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर मुलीला थेट 911 लावायला सांगा, भारतातल्या सर्जनना व्हॉट्सॲप करत बसू नका. प्रवास विमा घेताना लेसरचं ऑपरेशन लपवू नका, आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.