युद्धपटांत खऱ्या विमानांऐवजी भलतीच विमानं का वापरतात? आणि प्रेक्षकाला त्याने खरंच काही फरक पडतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण त्यावरून आमच्या घरात पन्नासहून जास्त वर्षं भांडण चालू आहे.

सिनेमा 'बॅटल ऑफ ब्रिटन', १९६९ चा, १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात ब्रिटिश आणि जर्मन विमानांत झालेल्या लढाईवरचा. पुण्यात लागला तेव्हा मी सहावी-सातवीत असेन. कॅम्पातल्या थेटरात वडील, मामा आणि मी. वडील महायुद्धात हवाई दलात इंजिन फिटर होते, बर्माच्या आघाडीवर, हरिकेन विमानांवर. हरिकेनला रोल्स-रॉईसचं मर्लिन इंजिन, १२ सिलिंडर, २४ प्लग. भर पावसात, ताडपत्रीखाली, चाचपडत ते प्लग बदललेला माणूस. गरम एक्झॉस्टवर भाजल्याचा डाग त्यांच्या मनगटावर शेवटपर्यंत होता.

पडद्यावर जर्मनांची मेसरश्मिट १०९ ही लढाऊ विमानं आली आणि वडील खुर्चीत पुढे सरकले. जरा वेळाने चांगलं मोठ्याने म्हणाले, "अरे, हे तर आपलं मर्लिन!"

मागून "शूऽऽ" झालं. मामा बँकेत होते आणि त्यांना जगातलं सगळं माहीत असायचं. ते म्हणाले, "अहो दाजी, जर्मन विमानं आहेत ती. रोल्स-रॉईसवाले हिटलरला इंजिनं पुरवत होते की काय?" पुढच्या रांगेतलेसुद्धा हसले.

मध्यंतरात वडिलांनी दाण्यांच्या पुडीचा कागद सोडवून त्यावर विमानाचं नाक काढलं. धुराची सहा नळकांडी इथे, वरच्या अंगाला. पंख्याला पाती चार. "मोज," मला म्हणाले, "सुरू होताना मोज." मामांनी तो कागद घेतला, उरलेले दाणे त्यात बांधले आणि खिशात टाकले. पुढे प्रत्येक लग्नकार्यात, पंगत उठली की, "आमच्या दाजींनी हिटलरला विलायती इंजिन बसवलं" हा किस्सा ठरलेला. वडील नुसते हसायचे. १९९४ ला गेले.

वडील शंभर टक्के बरोबर होते. पडद्यावरची ती मेसरश्मिट नव्हतीच, म्हणजे अर्धीच होती. स्पेनने युद्धाच्या काळात परवाना घेऊन मेसरश्मिट बांधायला घेतली. थोडे सांगाडे जर्मनीहून आले, इंजिनं आलीच नाहीत. बरीच खटपट करून शेवटी १९५४ मध्ये त्यांनी मर्लिन बसवलं. त्यामुळे नाकाखाली फुगवटा आला आणि विमानाला नाव पडलं बुचोन, म्हणजे छाती फुगवणारं कबुतर. अस्सल १०९ चं इंजिन उलटं टांगलेलं असतं, त्यामुळे नळकांडी खालच्या अंगाला. बुचोनमध्ये ती वर, अगदी ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानासारखी. आणि १९४० च्या मेसरश्मिटला पाती तीन. सिनेमावाल्यांनी पंखांची टोकं छाटली, शेपटाला खोटे टेकू लावले, खोट्या बंदुका लावल्या, पण इंजिन थोडंच लपवता येतं? त्यातली हाइंकेल बॉम्बफेकी विमानंही स्पॅनिशच, आणि त्यांनाही मर्लिनच.

आता तुमचा पहिला प्रश्न. का वापरतात? मिळत नाहीत म्हणून. हरलेल्या देशाची विमानं भंगारात जातात. स्पेनच्या हवाई दलाने बुचोन १९६५ ला काढून टाकली आणि तीन वर्षांत शूटिंग सुरू झालं. आयतीच सापडली. 'तोरा! तोरा! तोरा!'मध्ये (१९७०) जपानी झीरो लढाऊ विमानं म्हणून अमेरिकन टेक्सन उडवली, म्हणजे आपलंच हार्वर्ड, ज्यावर आपल्याकडचे वैमानिक शिकले. तो सिनेमा पाहायला वडील आलेच नाहीत.

माझं स्पष्ट मत, 'टॉप गन'वाले यांच्यापेक्षा प्रामाणिक. अमेरिकन एफ-५ लढाऊ विमानाला काळा रंग फासला आणि 'मिग-२८' हे नाव दिलं. मिगच्या लढाऊ विमानांना विषम आकडे असतात, म्हणजे असं विमान नाहीच हे जाणत्याला लगेच कळतं. नोलनच्या 'डंकर्क'मध्ये (२०१७) परत तीच बुचोन, वर पिवळं नाक. तो पिवळा रंग डंकर्कच्या खऱ्या लढाईनंतर काही महिन्यांनी आला. शत्रू चटकन ओळखू यावा म्हणून मुद्दाम दिला, असं म्हणतात. म्हणजे प्रेक्षक बावळट हे धरूनच चाललेत.

तरीही कॉम्प्युटरवर काढलेल्या अचूक विमानापेक्षा मला खोटं पण उडणारं विमान चालेल. त्याला वजन असतं. कॉम्प्युटरचं विमान माशीसारखं वळतं.

एक कबूल करायला हवं, नाहीतर खाली कुणीतरी लिहीलच. मेसरश्मिट १०९ चा पहिला नमुना १९३५ ला उडाला तो रोल्स-रॉईसच्याच केस्ट्रेल इंजिनावर, कारण जर्मन इंजिन तयार नव्हतं. म्हणजे मामांचा तो टोमणा अगदीच हवेतला नव्हता. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा शेजारी बसलेला म्हातारा विमानावरून कुरकुरत असेल तर मध्यंतरात त्याला विचारा, काय दिसलं म्हणून. त्याच्या कागदात दाणे बांधू नका.

दोन वर्षांपूर्वी मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो. डक्सफर्डच्या विमान संग्रहालयात नेलं त्याने. सिनेमाचं शूटिंग त्याच धावपट्टीवर झालं होतं. दोरीपलीकडे बुचोन सुरू झालं, सहाही नळकांड्यांतून निळसर धूर आला, वरच्या अंगाला, पुडीच्या कागदावर होता तस्साच. हात थरथरत फोटो काढला आणि उभ्या उभ्या मामांना पाठवला. मामा आता नव्वदीला टेकलेत, पण व्हॉट्सअ‍ॅपवर तरबेज.

अर्ध्या तासाने उत्तर आलं. "फोटो छान. पंखा फिरतोय, पाती मोजता येत नाहीत."

मुलाला सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी इंजिन बंद असताना काढ.